गॅस गीझर पेटत नाहीये? व्हॉल्व्ह बदलण्याआधी हे समजून घ्या

सकाळची घाई, नळ सोडलाय, गीझरमधून नुसता चट-चट आवाज येतोय आणि पाणी मात्र थंडगार. अशा वेळी 'व्हॉल्व्ह गेलाय, बदलावा लागेल' हे निदान फोनवरच ऐकायला मिळू शकतं. पण गीझर न पेटण्याचं कारण पुष्कळदा व्हॉल्व्ह नसतंच. आणि जेव्हा तो खरंच बिघडलेला असतो, तेव्हा कामचलाऊ दुरुस्ती जिवावर बेतू शकते.

हा व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

आपल्याकडच्या बहुतेक गॅस गीझरमध्ये पाणी आणि गॅस यांचे व्हॉल्व्ह एकमेकांना जोडलेले असतात. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने डायफ्राम नावाचा रबरी पडदा सरकतो आणि एक पिन पुढे ढकलतो. पिनमुळे छोटं स्विच दाबलं जातं. मग सर्किट ठिणगी पाडतं आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलवर चालणारा व्हॉल्व्ह, गॅसची वाट उघडतो. ज्योत पेटली की नाही, हे सेन्सर बघतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर गॅस बंद.

हे सगळं चालतं टॉर्चमध्ये घालतात तसल्या दोन जाड सेलवर. त्यामुळे पहिला संशय सेलवरच घ्यायचा. सेल उतरले की ठिणगी पडते, पण सोलेनॉइड उघडा धरून ठेवण्याइतकी ताकद उरत नाही, असंही होतं. शंभर-दीडशे रुपयांत सुटणारा प्रश्न आहे हा.

मग बिघाड ओळखायचा कसा?

नळ सोडल्यावर आवाजच येत नसेल, तर सेलनंतर पाण्याचा दाब बघा. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच वर गच्चीत असेल, तर दाब मुळातच कमी मिळतो. पाणी आत येतं तिथल्या जाळीत क्षार आणि गाळ साचला, तरी हेच होतं. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये तर विशेषच.

ठिणगी पडतेय पण ज्योत नाही? सिलिंडर संपलाय का, कॉक उघडा आहे का, ते पाहा. नुकताच सिलिंडर बदलला असेल, तर पाइपमध्ये हवा अडकलेली असू शकते. शेगडी नीट पेटतेय, सेल नवे आहेत, तरीही गीझर ढिम्म असेल, तर मात्र सोलेनॉइडवर संशय घ्यायला जागा आहे. (सलग २० मिनिटांनी गीझर आपोआप बंद होत असेल, तर तो बिघाडच असेल असं नाही. अनेक मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी तसा टायमर असतो.)

गीझरच्या खालून पाणी ठिबकत असेल, तर डायफ्राम फाटलेला असू शकतो. तो काही मॉडेलमध्ये वेगळा बदलता येतो.

सगळ्यात गंभीर लक्षण वेगळंच आहे: नळ बंद केला तरी ज्योत पेटलेलीच राहणं. याचा अर्थ पिन अडकलीय किंवा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीये. गॅसचा कॉक ताबडतोब बंद करायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरायचा नाही. 'थोडं तेल सोडून बघू' हा प्रयोग इथे नकोच.

व्हॉल्व्ह बदलताना काय होतं?

हे काम कंपनीच्या अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्यावं. पाइप गॅस असेल, तर गॅस कंपनीच्या पाइपलाइनला परस्पर हात लावू नये. पण समोर काय चाललंय, हे घरच्यांना कळलेलं बरं.

आधी गॅस आणि पाणी दोन्ही बंद होतं आणि सेल काढले जातात. आत साचलेलं पाणी सोडून कव्हर उघडलं जातं. जुना व्हॉल्व्ह निघाला की त्यासोबतचे रबरी वॉशर आणि रिंगही नवीन घालायला सांगा. जुने दबून चपटे झालेले असतात आणि गळती तिथूनच सुरू होते. जोडणीनंतर आधी पाणी सोडून बघायचं, मग गॅस. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती तपासणारा मेकॅनिक दिसला, तर त्याला तिथेच थांबवा.

भाग त्याच मॉडेलचा आणि त्याच गॅसचा हवा. घरगुती एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइप गॅस २१च्या आसपास. एलपीजीत उष्णता जास्त, म्हणून त्याच्या बर्नरच्या जेटची छिद्रं लहान असतात. पाइप गॅसच्या गीझरला एलपीजी जोडला, तर गरजेपेक्षा जास्त गॅस जातो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

नवा व्हॉल्व्ह म्हणजे धोका संपला?

नाही. व्हॉल्व्ह गॅसची गळती रोखतो, पण जळणाऱ्या गॅसमधून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवर त्याचा इलाज नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये आंघोळ करणाऱ्याला आधी डोकं जड वाटतं, गरगरतं, मळमळतं, आणि दाराची कडी काढण्याआधीच शुद्ध हरपू शकते. म्हणून गीझर बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी हवा. व्हॉल्व्ह बदलायला मेकॅनिक आलाच आहे, तर जागा बदलण्याचा खर्चही त्याच दिवशी विचारून घ्या.

दुरुस्तीनंतर गॅसचा वास आला, तर विजेचं एकही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅस मुख्य कॉकपासून बंद करा आणि बाहेर पडा. एलपीजी जड असल्याने जमिनीलगत साचतो, पाइप गॅस हलका असल्याने छताकडे जातो. एलपीजीसाठी आपत्कालीन क्रमांक १९०६ आहे. पाइप गॅस कंपनीचा क्रमांक तुमच्या बिलावर असतो. तो आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. फोन मात्र घराबाहेर गेल्यावरच लावायचा.