मौजे आगाशी आणि महाराजांचा शब्दकोश

घरात जमिनीचं जुनं खरेदीखत असेल तर आज ते काढून बघा. आमच्याकडे त्यावर असतं: मौजे आगाशी, तालुका वसई. मौजे आणि तालुका, दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. साडेतीनशे वर्षांपूर्वी असेच शब्द सरकारी दप्तरातून काढायचं एका राजाने ठरवलं होतं. (‘दप्तर’ही तिकडचाच!)

६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि मंत्र्यांची पदं बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. मग महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. दहा वर्ग, सुमारे १३८० शब्द. किल्ल्यांपासून बाजारापर्यंतच्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू सिस्टीममधली सगळी नावं एकदम बदलायला घेतली.

हे नुसतं अभिमानाचं काम नव्हतं. हुकूम फारसाळलेल्या भाषेत निघाला की तो कळायला मधला माणूस लागतो, आणि त्या मधल्या माणसाच्या हातात सत्ता जाते. पण माझी एक शंका आहे. शेतकऱ्याला ‘मुजुमदार’ कळत नसेल, तर ‘अमात्य’ तरी कुठे कळत होता?

तरी फरक पडला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द १४ टक्क्यांच्या आसपास, १६७७ मध्ये ६२, १७२८ मध्ये ९३. मोजकीच पत्रं, म्हणजे सॅम्पल छोटं, पण दिशा स्पष्ट आहे.

अशी धडपड रोममध्येही झाली होती, ग्रीकांविरुद्ध. इसवी सनापूर्वी १५५ मध्ये अथेन्सने दंड माफ करून घ्यायला तीन तत्त्वज्ञ पाठवले. त्यातला कार्नेअडीस एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला, दुसऱ्या दिवशी विरुद्ध. रोमची तरुण पोरं फिदा! म्हातारा केटो भडकला. म्हणाला, यांचं काम उरका आणि घरी पाठवा. गंमत म्हणजे केटोला स्वतःला ग्रीक येत होतं. आणि त्याचं खरं उत्तर हाकलण्यात नव्हतंच. त्याआधीचे रोमन इतिहासकार ग्रीकमध्ये लिहायचे, केटोने रोमचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. इकडे कोश करणाऱ्यांनाही फारसी शब्द नीट माहीत असल्याशिवाय ते बदलता आले नसते.

आता आगाशी. कोश झाला तेव्हा हा भाग स्वराज्यात नव्हताच, १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मराठ्यांचा कारभार इथे आला. तोवर कोशाला साठेक वर्षं होऊन गेली होती. राज्य चालवत होते बाजीराव. त्यांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ कोरलेलं, अगदी महाराजांनी ठरवल्याप्रमाणे. लोक मात्र म्हणत होते पेशवा, आणि त्यांच्या कागदांत ‘मौजे’ तसंच राहिलं. पोर्तुगीज गेले, पण पगार, चावी, बटाटा आणि पाव मराठीत ठेवून गेले. ते हटवायला कुणी कोश केल्याचं ऐकिवात नाही.