लिहून ठेवलेली मात

मंडळी, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या भंडाऱ्याकडेही बुद्धिबळाचं बोलणं वाढलं आहे. मुलं मोबाइलवर ‘पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात’ अशी कोडी सोडवतात. आम्ही आज विचारणार आहोत ते एवढंच, की ही कोडी येतात कुठून?

एक प्रसिद्ध कोडं घ्या. पांढरा आपला वजीर सरळ काळ्या घोड्याच्या तोंडी देऊन शह देतो. घोड्याला तो मारावाच लागतो. मग हत्ती आठव्या घरात उतरतो, मागून उंटाचा जोर, आणि मात! हा डाव पॉल मॉर्फी १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहात खेळला. समोर दोन सरदार मिळून खेळत होते, डाव सतराव्या खेळीत संपला. कोडं सोडवणाऱ्याला मात आहे हे आधीच सांगितलेलं असतं. मॉर्फीला ते कोणी सांगितलं नव्हतं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत म्हणायचं तर दोघांचं ज्ञान एकाच जातीचं नाही. पण ते असो.

मुद्दा असा, की तो डाव पहिल्या खेळीपासून नोंदलेला आहे. कोलकात्यात जॉन कोक्रेनशी महेशचंद्र बॅनर्जी खेळले, ते डावही छापले गेले, म्हणून आज महेशचंद्रांचं नाव उरलं. मग मराठी मुलखातल्या खेळाडूंचं काय?

आपल्याकडेही कोड्यांचा ग्रंथ आहे, बरं का. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ‘विलासमणिमंजरी’चं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती! त्यात मुख्यतः पटावरच्या अटीतटीच्या स्थितीच आहेत. त्या कुणाच्या डावातून आल्या, हे मात्र कळत नाही. शिवाय मथळ्यातच म्हटलंय की हे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे उरलं तेही बदलून उरलं.

आमच्या मते नुकसान इथेच झालं. आपल्या जुन्या खेळात कशी मात दिली याला किंमत होती. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. उलट समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा पाडला तर बुर्जी, तो काही पुरा विजय नव्हे. त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरचं एखादं मोहरं मुद्दाम जिवंत ठेवावं लागे! असल्या संयमातून केवढी सुंदर कोडी निघाली असतील, नाही का? आजच्या नियमांत तो पेचच उरत नाही.

पवनी, तुमसरकडे कोणी म्हातारे अजून जुन्या रीतीने खेळत असतील, तर इथल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावं. नुसती शेवटची मात नको, पहिल्या प्याद्यापासून डाव उतरवून आणा.