मोटेचे चामडे : एका उपेक्षित ग्रामीण ज्ञानाचा परामर्श

मराठवाड्यातील बागायतीच्या इतिहासात विहीर व बैल यांची नोंद होते. मोटेच्या चामड्याची क्वचितच होते. कुरुंदा ज्या वसमत परिसरात आहे, तो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यात इतरत्र होते तसे येथेही पंप येईपर्यंत विहिरीवर मोटच चाले.

कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढीत. मग तरवड वा बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात ते मुरवीत. त्यातील टॅनिन तंतूंना बांधून कुजणे रोखते. शेवटी तेल चोळल्याने तंतू एकमेकांवरून सरकत राहतात व चामडे लवचीक बनते. आजच्या ‘पुल-अप’ चामड्यामागेही हेच तत्त्व आहे : त्यात तेल व मेण इतके मुरवलेले असते की ताणताच ते बाजूस सरते व रंग उजळतो.

मोट मात्र नित्य भिजे व वाळे. त्यामुळे तेल उतरे. उन्हात वाळल्यास चामडे ताठरून तडकत असे. म्हणून ती सावलीत वाळवणे, तेल देणे व ठिगळ लावणे अपरिहार्य होते. कातडे कमावण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजाकडे होते. शिवण-दुरुस्तीचा मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे.

या चामड्यातून आलेले पाणी पिकाला चाले. ते कमावणाऱ्या हातांचा स्पर्श मात्र गावाला चालत नसे. हा विरोध नोंदविल्याशिवाय बागायतीचा इतिहास अपुराच राहील, असे म्हणावे लागते.