पिल्लं दुरावलेली मांजर ओरडत का फिरते? अशा वेळी नेमकं काय करायचं?

वर्धा जिल्ह्यात तुरी निघाल्या, पऱ्हाट्या उपटून झाल्या की आवराआवर सुरू होते. कोठ्यातलं कुटार हलवलं जातं, माळ्यावरची पोती खाली येतात, हिवाळाभर झाकून ठेवलेला कूलर बाहेर निघतो. नेमकी अशाच आडोशाच्या जागी मांजर व्यालेली असते. मग पिल्लांचा फोटो ग्रुपवर पडतो, 'कोणाला हवी असल्यास सांगा' असा मेसेज जातो आणि संध्याकाळपर्यंत पिल्लं कुठेतरी पोचतात. पुढचे दोन-तीन दिवस मांजर त्याच घराभोवती ओरडत फिरते. त्याचाही व्हिडिओ होतो, खाली रडक्या इमोजींची रांग लागते.

पण हे ओरडणं म्हणजे नेमकं काय? ती दुःख करते की शोधते? आणि पिल्लं परत आणली तर ती घेईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं आहे. मात्र त्याला वेळेची मर्यादा आहे.

मांजर ओरडते तेव्हा काय चाललेलं असतं?

मांजरीचा गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. जन्मलेलं पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. डोळे उघडायला सात ते चौदा दिवस लागतात. पहिले तीन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. एवढंच काय, आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीही नीट होत नाही. म्हणजे या काळात आईच त्याची अंगीठी, आईच दवाखाना.

आईचं शरीरही याच कामाला जुंपलेलं असतं. दूध तयार होत असतं आणि दर थोड्या वेळाने पिल्लांकडे परतायची ओढ असते. जागेवर पिल्लं नसली की ती हाक मारते, थांबून कान देते, पुन्हा हाक मारते. तीच जागा पुन्हा पुन्हा हुंगते, खाणं अर्धवट सोडते. हे रडणं कमी आणि शोधमोहीम जास्त असते. माणसाला वाटतं तसंच दुःख तिला होतं का, हे ठामपणे सांगता येत नाही. पण ती अस्वस्थ असते आणि पिल्लांना शोधत असते, हे तिच्या वागण्यातून स्पष्ट दिसतं.

या हाकेला उत्तर मिळण्याची सोयही निसर्गाने केलेली आहे. मेक्सिकोतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये चार आठवड्यांच्या पिल्लांना वेगवेगळ्या माद्यांचे आवाज ऐकवले. पिल्लांनी परक्या मादीपेक्षा स्वतःच्या आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद दिला. त्याच वर्षी जर्मनीतल्या हॅनोव्हर इथल्या संशोधनात आढळलं, की पिल्लू जास्त घाबरून ओरडत असेल तर मांजरी त्या आवाजाकडे जास्त वेगाने वळतात. बोक्यांमध्ये असा फरक दिसला नाही. थोडक्यात, पिल्लू ऐकू येईल एवढ्या अंतरावर असेल तर मायलेकरांची भेट होण्याची शक्यता चांगली असते. गाडीवरून दुसऱ्या गावी नेलं की ती शक्यता संपते.

माणसाचा हात लागला तर मांजर पिल्लू सोडते का?

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत घातक गैरसमज. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून मांजर सहसा पिल्लाला टाकत नाही. याच गैरसमजापोटी 'आता आपणच वाढवू' म्हणत पिल्लं उचलली जातात.

मांजरीचा स्वभाव उलट आहे. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्याच संशोधकांनी दाखवलं, की मांजरीला आपलं आणि परकं पिल्लू वासावरून ओळखता येतं. तरीही ती फरक करत नाही, दोघांनाही उचलून जागेवर आणते. एकाच वाड्यात व्यालेल्या दोन मांजरी एकमेकींच्या पिल्लांना पाजताना दिसतात, ते यामुळेच.

मांजर जागा मात्र नक्की बदलते. 'मांजर पिल्लांना सात घरं फिरवते' असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा लोकांचा, पण गोष्ट खरी आहे. धोका वाटला, ऊन लागायला लागलं, जागा घाण झाली की ती एकेका पिल्लाला मानेला धरून हलवते. मानेला धरलं की पिल्लू अंग सैल सोडतं. 'मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत' ही म्हण त्यावरूनच आली.

इथेच घोटाळा होतो. चारपैकी दोन पिल्लं हलवून झालेली असतात आणि उरलेली दोन एखाद्याला 'बेवारस' दिसतात. तो ती उचलतो. मांजर तिसऱ्यासाठी परत येते, तेव्हा जागा रिकामी असते.

राका कुंभाराची मांजर

पिल्लांसाठी कासावीस झालेली मांजर मराठी माणसाला नवी नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा येते. एक मांजर कच्च्या मडक्यात व्याली होती. राकाला ते कळलं नाही आणि आवा पेटला. मांजर पेटत्या आव्याभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा राका आणि त्याची बायको बांका यांच्या लक्षात काय झालं ते आलं. दोघांनी विठ्ठलाचा धावा केला आणि पिल्लं जिवंत निघाली, असं कथा सांगते.

चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतला एक तपशील आजही लागू पडतो. पिल्लं कुठे आहेत हे मांजरीच्या ओरडण्यावरून कळलं. आजही पाण्याची टाकी, बंद खोली, गाडीचं इंजिन, कुटाराचा ढीग अशा एखाद्या जागेभोवती मांजर घुटमळत असेल तर तिला हुसकण्याआधी आत डोकावून बघावं.

एकटी पिल्लं दिसली तर काय करायचं?

आधी थांबायचं. आई खायला गेलेली असू शकते आणि तिला परतायला काही तास लागू शकतात. पिल्लं गोळा होऊन शांत झोपली असतील, पोट भरलेलं आणि अंग स्वच्छ असेल, तर आई जवळपास आहे असं समजावं. माणसं समोर उभी असली तर ती येत नाही. म्हणून दहा-पंधरा मीटर दूर जाऊन तीन-चार तास लक्ष ठेवावं.

जागा धोक्याची असेल तर पिल्लं तिथून थोडीच बाजूला घ्यावीत. उघड्या खोक्यात सुती कापड घालून सावलीत ठेवावीत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, टिनाच्या शेडखाली पिल्लं तासाभरातही दगावू शकतात. मुंग्या लागल्यात का तेही पाहावं. खोक्याचं तोंड उघडंच हवं, नाहीतर आईला पिल्लू काढता येणार नाही.

पिल्लं आधीच कोणी नेली असतील तर त्याच दिवशी परत मागवावीत. जिथून उचलली तिथेच, शक्यतो संध्याकाळी, वर्दळ कमी झाल्यावर ठेवावीत. पहिले एक-दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतर आईचं दूध आटू लागतं आणि ती जागा सोडूनही जाऊ शकते.

पिल्लू गार पडलं असेल, सतत ओरडत असेल, जखमी असेल किंवा आई मेल्याचं दिसलं असेल, तर मात्र वाट पाहू नये. आधी ऊब, मग दूध हा क्रम पाळावा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गायीचं दूध देऊ नये. मांजरीच्या दुधाच्या तुलनेत त्यात प्रथिनं कमी आणि दुग्धशर्करा जास्त असते, त्यामुळे हगवण लागून पिल्लू दगावू शकतं. पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर औषधांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. ते दूध पिल्लाला पालथं धरून पाजावं, बाळासारखं उताणं धरू नये. दूध श्वासनलिकेत जातं. पुढचं पशुवैद्यकाला विचारून करावं.

पिल्लं गेल्यावर मांजरीचं काय होतं?

तिचं ओरडणं बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतं. पण दूध एकदम साठल्याने आचळांना सूज येऊ शकते. आचळं लाल, कडक, गरम झाली किंवा मांजरीने खाणंपिणं सोडलं, तर तिला पशुवैद्यकाकडे न्यावं. चिडलेल्या मांजरीला उघड्या हाताने धरू नये. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पिल्लं लवकर काढून नेली की मांजर एक-दोन आठवड्यांत पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे 'पिल्लं वाटून टाकली, कटकट गेली' असं होत नाही. दोन-तीन महिन्यांत पुन्हा नवी वीण येते आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. यावरचा खरा उपाय म्हणजे पिल्लं सुटी झाल्यावर, दूध आटल्यावर मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत कुत्र्यांसोबत मांजरींचाही समावेश आहे.

मग पिल्लू घरी कधी आणायचं?

आठ आठवड्यांच्या आधी नाही, बारा आठवड्यांनंतर उत्तम. चौथ्या आठवड्यापासून पिल्लू वरचं खायला लागतं आणि हळूहळू आई स्वतःच त्याला दूर करते, कधी फिसकारतेही. तेव्हाची ताटातूट तिच्या दृष्टीने वेळेवर झालेली असते. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे सहा हजार मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला. पिल्लू चौदा आठवडे आईजवळ ठेवावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं.

पिल्लं पोत्यात घालून दूर सोडून येणं हा तर गुन्हाही ठरू शकतो. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली येतं. प्राण्याला ठार मारलं किंवा अपंग केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेतात सापडलेलं पिल्लू साधं मांजर आहे का?

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न आधी विचारायला हवा. सेलू तालुक्याच्या बाजूला बोर अभयारण्य आहे. ते १९७० मध्ये घोषित झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. पण रानमांजर जंगलापुरतं राहत नाही. ते गहू, तूर, ऊस अशा उभ्या पिकातही पिल्लं घालतं. उंच पाय, भुरकट रंग, कानाच्या टोकाला काळे केस आणि आखूड, वळी असलेली शेपटी ही मोठ्या रानमांजराची खूण. महाराष्ट्रात आढळणारी वाघाटी तर पूर्ण वाढूनही घरच्या मांजरापेक्षा लहान असते. तिच्या अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढरे पट्टे असतात. पिल्लूपणी मात्र ही सगळी सारखीच दिसतात.

हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. त्यांना घरी ठेवता येत नाही. असं पिल्लू दिसलं तर कापणी किंवा तोडणी तेवढ्या तुकड्यात थांबवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. वर्ध्यात पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचं करुणाश्रम आहे, तिथेही जखमी आणि अनाथ प्राण्यांची देखभाल होते.

आई-पिल्लांची भेट घडवता येते, हे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागाने वारंवार दाखवलं आहे. तिथे ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले वाइल्डलाइफ एसओएसचे पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करतात. मग अंधार पडायच्या सुमारास पिल्लं सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे मागे सरतात. मादी रात्री येऊन पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. रानमांजर आणि वाघाटीच्या पिल्लांसाठीही हीच पद्धत वापरली जाते.

फोटो टाकण्याआधी

पिल्लं दिसली की पहिला हात मोबाइलकडे जातो. हरकत नाही, पण पोस्ट करण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. डोळे उघडलेत का, पिल्लू स्वतः खातं का, आणि आई कुठे आहे. पिल्लू दूधपितं असेल तर 'कोणाला हवंय?' असं विचारण्याऐवजी 'इथे मांजर व्याली आहे, महिनाभर जागा हलवू नका' असं लिहावं. वन्य प्राण्याचं पिल्लू वाटत असेल तर फोटो आणि जागा ग्रुपवर न टाकता थेट वन विभागाला कळवावी. आणि कोणाच्या घराभोवती मांजर ओरडत फिरतानाचा व्हिडिओ दिसला, तर इमोजीच्या आधी एवढं विचारावं: पिल्लं कोणी नेली, आणि आज परत आणता येतील का?