नाव इराणचे, वह्या परक्यांच्या

इराणचा विषय निघाला की आमच्याकडे गप्पा थेट १९७९ पासून सुरू होतात. खोमेनी, पडदा, ओलीस. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी स्थापन झालेल्या 'नॅशनल इराणियन ऑइल कंपनी'ची गोष्ट कुणी काढत नाही. मला मात्र गुंत्याचे टोक तिथेच सापडते.

१९०१ मध्ये काजार शाहाने विल्यम डार्सी या धनिकाला साठ वर्षांचा तेलाचा मक्ता दिला. इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे १६ टक्के. १९०८ साली मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. (नावात मशीद असली तरी तिथले अवशेष इस्लामपूर्व काळातले आहेत.) १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले. नफा किती झाला हे कंपनीच सांगणार, आणि इराणने ते मानायचे! १९३३ मध्ये करार बदलला, तक्रार तीच राहिली. १९५० साली तर ब्रिटिश सरकारला कंपनीकडून मिळालेला कर इराणच्या रॉयल्टीपेक्षा कितीतरी जास्त होता.

मार्च १९५१ मध्ये इराणी संसदेने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. त्यामागे उभे असलेले मोहम्मद मोसाद्देक मौलवी नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवलेले, राज्यघटनेला मानणारे गृहस्थ होते. आयातुल्ला काशानी आधी त्यांच्यासोबत होते, पुढे तेच विरोधात गेले. म्हणून या लढ्याला 'इस्लाम विरुद्ध पश्चिम' ठरवणारे, इकडचे असोत वा तिकडचे, मला पटत नाहीत. भांडण हिशेबाचे होते.

ब्रिटनने तेलाची कोंडी केली. १९५२ मध्ये इराणी तेल घेऊन निघालेले 'रोझ मेरी' जहाज एडनला अडकवले गेले. १९ ऑगस्ट १९५३ रोजी मोसाद्देक यांचे सरकार उलथवण्यात आले. मुसलमानांना जिथे तिथे कट दिसतो अशी चेष्टा होते, कधी कधी मीही करतो. हा कट मात्र खरा निघाला. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत सीआयएने आपला हात असल्याचे मान्य केले आहे.

राष्ट्रीय कंपनी मोडली नाही, हे विशेष. १९५४ च्या करारात तेल तिच्याच नावावर राहिले. उपसायचे आणि विकायचे काम परदेशी कंपन्यांच्या गटाकडे गेले: जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकनांना ४०, उरलेले शेल आणि फ्रेंचांना. नफा निम्मा निम्मा, पण गटाच्या वह्या इराणी हिशेबनिसांना बंद आणि संचालक मंडळावर एकही इराणी नाही.

मोसाद्देक १९६७ मध्ये वारले, तोवर नजरकैद संपली नव्हती. १९५२ च्या गोळीबारात मेलेल्यांशेजारी आपल्याला दफन करावे, ही त्यांची इच्छाही शाहाने मानली नाही. अहमदाबाद गावातल्या त्यांच्या घरातच त्यांना दफन केले गेले. सहा वर्षांनी त्याच शाहाने तेलक्षेत्रांचा ताबा राष्ट्रीय कंपनीकडे घेतला.