होरपळून की गुदमरून? आगीतल्या मृत्यूंची रक्तात सापडलेली गोष्ट

आगीची बातमी आली की 'होरपळून मृत्यू' हे शब्द आपण सवयीने वाचतो. खरं तर आगीत दगावणाऱ्यांपैकी बरेच जण ज्वाळा पोचण्याआधीच गेलेले असतात. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईतल्या कमला मिल्सच्या आगीत 14 जण गेले. पोस्टमॉर्टेममध्ये कारण निघालं गुदमरणं. अनेक जण स्वच्छतागृहात सापडले. तिथे ज्वाळांपासून आडोसा मिळाला, पण धुरापासून मिळाला नाही.

धूर मारतो हे आपल्याला कळलं कसं, आणि या गोष्टीत दारू कुठून आली, ते आज बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं की कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. म्हणजे हवेत हा वायू थोडासा असला, तरी रक्त हळूहळू त्यानेच भरत जातं.

पण प्रयोगशाळेतली ही माहिती मृत्यूच्या तपासात यायला वेळ लागला. जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन 57 कामगार मेले. स्फोट झाला म्हणजे माणसं धक्क्याने किंवा भाजून मेली असणार, असंच कुणालाही वाटेल. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मृतदेह आणि रक्त तपासलं. बहुतेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. हॉल्डेन यांना याची खूण पटकन पटली, कारण हा वायू स्वतः हुंगून काय होतं ते त्यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं. धाप लागते, डोकं चालेनासं होतं, पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पिऊन आलाय!

इथून आपण 1970 च्या दशकातल्या अमेरिकेत येऊ. मेरीलँड राज्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आगीत मेलेल्यांच्या रक्ताचा पद्धतशीर अभ्यास केला. कार्बन मोनॉक्साइड सर्वांत मोठा मारेकरी ठरला, ते अपेक्षितच होतं. पण प्रौढांच्या रक्तात दारूही मोठ्या प्रमाणात सापडत होती. एक चित्र पुन्हा पुन्हा समोर येत होतं: रात्रीची वेळ, थोडी जास्त झालेली दारू, हातातून सोफ्यावर किंवा गादीवर पडलेली सिगारेट. अशी आग भडकत नाही, धुमसत राहते. धुमसणाऱ्या आगीत ज्वलन अपुरं होतं, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. सोफ्यात पॉलियुरेथेन फोम असेल तर हायड्रोजन सायनाइडही निघतो. रक्तात उरलासुरला ऑक्सिजन असला, तरी सायनाइडमुळे पेशींना तो वापरता येत नाही.

मग दारू नेमकं काय करते? ती वेळ खाते. झोप गाढ होते, जाग आली तरी दार कुठे हे सुचत नाही, आणि तोवर धुरानेही मेंदूवर तोच परिणाम सुरू केलेला असतो. 2000 नंतर ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि मिशेल बॉल यांनी तरुण मुलामुलींना थोडी दारू देऊन झोपवलं आणि धुराचे अलार्म वाजवले. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल, म्हणजे ऑस्ट्रेलियात गाडी चालवण्याची जी मर्यादा आहे तेवढंच. तरीही अनेकांना जाग येणं अवघड झालं. नेहमीच्या चिरक्या अलार्मपेक्षा 520 हर्ट्झच्या आसपासचा, खालच्या पट्टीतला आवाज जास्त उपयोगी ठरला.

मला या इतिहासात खटकते ती वेगळीच गोष्ट. रक्तात दारू सापडली की 'पिऊन पडला होता' असं म्हणून तपास तिथेच संपवता येतो. पण दारूमुळे माणूस का पळाला नाही एवढंच समजतं. खोली विषाने का भरली, ते समजत नाही. शिवाय त्याच धुरात न प्यायलेली बायको आणि मुलंही झोपलेली असतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये सिगारेटमुळे लागलेल्या आगीत एक कुटुंब गेलं, तेव्हा तिथले खासदार जो मोकली यांनी 1979 मध्ये अमेरिकी संसदेत विधेयक आणलं: ओढली नाही तर आपोआप विझेल अशी सिगारेट बनवा. उपाय तसा साधा होता. कागदावर ठराविक अंतरावर जाड पट्टे ठेवायचे, म्हणजे तिथे पोचल्यावर जळणं थांबतं. तंबाखू कंपन्या मात्र बेफिकीर ओढणाऱ्याकडे बोट दाखवत राहिल्या. अशा सिगारेटची सक्ती पहिल्यांदा न्यूयॉर्क राज्यात झाली, 2004 मध्ये. युरोपीय संघात ती 2011 मध्ये आली.

म्हणजे मधे 25 वर्षं गेली. त्या काळात माणसं पीत राहिली, झोपत राहिली आणि धुरात मरत राहिली. दोष कुणाचा हे विचारणं सोपं असतं. झोपलेला माणूस प्यायलेला असला तरी तो वाचेल कसा, हा प्रश्न विचारल्यावर सिगारेटचा कागद बदलला आणि अलार्मचा आवाजही. रक्ताचा रिपोर्ट वाचताना मी हाच प्रश्न आधी विचारायची सवय लावून घेतेय.