सिमोन क्येर

सिमोन थोरुप क्येर (जन्म: २६ मार्च, १९८९, होर्सेन्स, डेन्मार्क) हा डेन्मार्कचा निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. तो मध्य बचावपटू म्हणून खेळत असे. २००७ ते २०२४ या सतरा वर्षांत तो सहा देशांतील नऊ क्लबांकडून खेळला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाकडून त्याने १३२ सामन्यांत भाग घेतला व ५ गोल केले. २०१६ पासून तो या संघाचा कर्णधार होता. १२ जून, २०२१ रोजी युरो २०२० स्पर्धेतील फिनलंडविरुद्धच्या सामन्यात सहकारी क्रिस्टियन एरिक्सन हृदयक्रिया बंद पडून मैदानात कोसळला. त्या वेळी क्येरने दाखवलेल्या प्रसंगावधानामुळे फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही त्याचे नाव ठाऊक झाले.

नावाचा उच्चार

आडनावाच्या डॅनिश लेखनात ‘य’कारासाठी असलेले अक्षर आजच्या बोलीत ऐकू येत नाही, प्रत्यक्ष उच्चार ‘केअ’च्या जवळ जातो. मराठीत ‘केर’ असे लिहिल्यास शब्दाला भलताच अर्थ चिकटतो, म्हणून येथे मूळ लेखनाला धरून ‘क्येर’ हे रूप वापरले आहे. डॅनिश भाषेत या शब्दाचा संबंध सखल, पाणथळ जमिनीशी आहे.

प्रारंभिक जीवन

क्येरचा जन्म जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील होर्सेन्स शहरात झाला. गावातील लहान क्लबात खेळास सुरुवात केल्यानंतर तो एफ.सी. मिट्युलंड या क्लबाच्या अकादमीत दाखल झाला. मिट्युलंड म्हणजे मध्य जटलंड. इकास्ट व हेर्निंग या दोन गावांच्या क्लबांचे विलीनीकरण होऊन १९९९ मध्ये हा क्लब स्थापन झाला. त्याने २००४ मध्ये सुरू केलेली निवासी अकादमी ही डेन्मार्कमधील आपल्या प्रकारची पहिली संस्था होती.

क्येरच्या प्रवेशाची हकिकत त्या वेळी अकादमीत प्रशिक्षक असलेल्या रास्मुस अँकरसन याने पुढे आपल्या पुस्तकात व व्याख्यानांत सांगितली आहे. अकादमीत एक जागा शिल्लक होती. क्येरचे वडील क्लबात खेळसाहित्याची व्यवस्था पाहत असत, म्हणून त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती जागा देण्यात आली. काही महिन्यांनी आठ प्रशिक्षकांना एक प्रश्न विचारण्यात आला: या मुलांपैकी सर्वांत पुढे जाणारे पाच कोण? प्रत्येकाने आपापली यादी स्वतंत्रपणे कागदावर लिहून दिली. त्या आठांपैकी एकाही यादीत क्येरचे नाव नव्हते. गुणवत्ता हेरणे किती अवघड असते, हे दाखवण्यासाठी अँकरसन हे उदाहरण देतो. वर्गात पाठीमागच्या बाकांवरील मुलांविषयी असेच अंदाज बांधणाऱ्या शिक्षकवर्गालाही ते लागू पडावे.

क्लब कारकीर्द

मिट्युलंड व पालेर्मो

मिट्युलंडच्या मुख्य संघात क्येरने २००७ साली पदार्पण केले. त्याचा तेथील मुक्काम एका हंगामापुरताच ठरला. १९ वर्षांचा असताना, २००८ च्या उन्हाळ्यात, सिसिली बेटावरील पालेर्मो क्लबाने त्याला सुमारे ४० लाख युरो मोजून विकत घेतले.

इटालियन फुटबॉलमध्ये बचाव ही स्वतंत्र विद्या मानली जाते. आक्रमकाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, पुढे केव्हा सरसावायचे आणि केव्हा जागा धरून थांबायचे, याचे शिक्षण तेथे बारकाईने दिले जाते. एवढ्या लहान वयाच्या परदेशी खेळाडूला या लीगमध्ये मध्य बचावाची जागा मिळणे सोपे नसते. क्येरने ती पहिल्याच हंगामात मिळवली आणि दोन्ही हंगाम टिकवली. २००९–१० मध्ये एडिन्सन कावानीसारखे खेळाडू असलेला पालेर्मो संघ सेरी आ मध्ये पाचव्या स्थानी राहिला, तेव्हा युरोपातील मोठ्या क्लबांचे लक्ष क्येरकडे वळले होते.

वोल्फ्सबुर्ग व रोमा

२०१० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग क्लबाने सुमारे १.२ कोटी युरोंना त्याला घेतले. येथून त्याच्या कारकिर्दीतील पडता काळ सुरू झाला. वोल्फ्सबुर्गने दोन हंगामांपूर्वीच बुंडेसलिगाचे विजेतेपद मिळवले होते, परंतु २०१०–११ मध्ये तो संघ पदावनतीतून कसाबसा वाचला. पुढील हंगामासाठी क्येर लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता उसना, रोमा क्लबाकडे गेला. १६ ऑक्टोबर, २०११ रोजी लात्सियोविरुद्धच्या स्थानिक लढतीत त्याच्या हातून पेनल्टी गेली, त्याला लाल कार्ड मिळाले, आणि आघाडीवर असलेली रोमा १–२ अशी हरली. रोममध्ये या लढतीतील चुका वर्षानुवर्षे विसरल्या जात नाहीत. रोमाने त्याला कायम केले नाही. तो वोल्फ्सबुर्गला परतला आणि आणखी एक हंगाम तेथे काढला.

लील, फेनेरबाह्चे, सेविया

२०१३ मध्ये तो फ्रान्सच्या लील क्लबात गेला आणि त्याचा खेळ पुन्हा सावरला. प्रशिक्षक रने जिरार यांचा हा संघ कमी गोल करी आणि त्याहून कमी गोल होऊ देई. २०१३ च्या अखेरीस नायजेरियन गोलरक्षक व्हिन्सेंट एन्येआमा याने १,०६२ मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. विक्रम गोलरक्षकाच्या नावावर नोंदला जातो हे खरे, परंतु त्याच्यापुढे क्येर व मार्को बाशा ही मध्य बचावपटूंची जोडी उभी होती. लीलने तो हंगाम तिसऱ्या स्थानी संपवला.

त्यानंतर इस्तंबूलच्या फेनेरबाह्चे क्लबाकडून तो दोन हंगाम खेळला (२०१५–१७). २०१७ मध्ये तो स्पेनच्या सेविया क्लबात दाखल झाला. पहिल्या हंगामात सेविया चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली. दुसऱ्या हंगामानंतर मात्र क्लबाला त्याची गरज उरली नाही.

ए.सी. मिलान

२०१९–२० हंगामाच्या आरंभी क्येर लोनवर अटलांटा क्लबात गेला. तेथे त्याला मोजकेच सामने मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये तोच लोन मोडून तो मिलानकडे आला. मिलानची अवस्था त्या वेळी बिकट होती. डिसेंबरमध्ये याच अटलांटाने मिलानचा ५–० असा पराभव केला होता. त्याच जानेवारीत झ्लाटन इब्राहिमोविच हाही मिलानमध्ये परतला होता. सगळी वर्तमानपत्रे इब्राहिमोविचच्या आगमनाने भरली. अटलांटाच्या राखीव बाकावरून आलेल्या तीस वर्षांच्या डॅनिश बचावपटूकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अकादमीतील त्या आठ कागदांची येथे आठवण होते. काही आठवड्यांतच क्येरने संघातील जागा पक्की केली व उन्हाळ्यात मिलानने त्याला कायमचे करारबद्ध केले.

११ मार्च, २०२१ रोजी युरोपा लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध भरपाई वेळेत त्याने डोक्याने गोल करून सामना १–१ असा बरोबरीत सोडवला. कारकिर्दीत मोजकेच गोल करणाऱ्या खेळाडूचा हा सर्वांत स्मरणीय गोल म्हणता येईल.

१ डिसेंबर, २०२१ रोजी जेनोआविरुद्धच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि हंगामाचा उर्वरित भाग त्याला बाहेर बसूनच पाहावा लागला. त्याच्या जागी प्येर कालुलू हा तरुण फ्रेंच खेळाडू फिकायो टोमोरीच्या जोडीला उभा राहिला. २२ मे, २०२२ रोजी सास्सुओलोला ३–० असे हरवून मिलानने अकरा वर्षांनंतर इटलीचे विजेतेपद मिळवले. क्येरच्या दीर्घ क्लब कारकिर्दीतील हे एकमेव प्रमुख विजेतेपद होय, आणि ते आले तेव्हा तो खेळण्याच्या स्थितीत नव्हता.

पुढील हंगामात तो मैदानात परतला. २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नापोलीविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत तो बचावफळीत होता. मिलानने ती फेरी जिंकली व उपांत्य फेरीत इंटरकडून हार पत्करली. मे २०२४ मध्ये करार संपत आल्यावर सान सिरो मैदानावर त्याला निरोप देण्यात आला.

राष्ट्रीय संघ

६ जून, २००९ रोजी स्वीडनविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात क्येरने पदार्पण केले. स्टॉकहोमनजीकच्या सोल्ना येथे झालेला तो सामना डेन्मार्कने १–० असा जिंकला. प्रशिक्षक मोर्टेन ओल्सन हे स्वतः जुन्या काळातील नामवंत बचावपटू व डेन्मार्कचे माजी कर्णधार होते. त्यांनी क्येरला डॅनिएल एगरच्या जोडीला उभे केले. २०१० चा विश्वचषक व युरो २०१२ या स्पर्धांत ही जोडी खेळली. दोन्ही वेळा डेन्मार्क साखळी फेरीतच बाद झाला. २०१४ चा विश्वचषक व युरो २०१६ यांसाठी संघ पात्रच ठरला नाही.

एगर निवृत्त झाल्यावर, २०१६ मध्ये, नवे प्रशिक्षक ओगे हारेइदे यांनी क्येरला कर्णधार केले. २०१८ च्या विश्वचषकात संघ बाद फेरीत पोहोचला. १ जुलै रोजी निझ्नी नोवगोरोद येथे क्रोएशियाशी १–१ बरोबरी झाल्यावर निर्णय पेनल्टींवर गेला. एरिक्सनची पहिली पेनल्टी अडवली गेल्यावर दुसरी क्येरने घेतली व ती गोलात धाडली. डेन्मार्कला मात्र २–३ असा पराभव स्वीकारावा लागला.

१२ जून, २०२१

महामारीमुळे एक वर्ष लांबलेल्या युरो २०२० मधील डेन्मार्कचा पहिला सामना कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर फिनलंडविरुद्ध होता. मध्यंतराला काही मिनिटे उरली असताना, थ्रो-इनवरून आलेला चेंडू घेण्यास पुढे झालेला एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. क्येर धावत त्याच्याजवळ पोहोचला. त्याने त्याला कुशीवर वळवण्यास व श्वासमार्ग मोकळा राखण्यास मदत केली. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ वैद्यकीय पथकाला बोलावले.

यानंतरचा घटनाक्रम नीट लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण एरिक्सनच्या छातीवर दाब देऊन त्याला वाचवण्याचे काम क्येरनेच केले, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. संघाचे डॉक्टर मोर्टेन बोएसन यांनी दिलेल्या माहितीनुसार, ते पोहोचले तेव्हा एरिक्सन कुशीवर होता, त्याचा श्वास चालू होता व नाडीही लागत होती. क्षणात स्थिती पालटली. तेव्हा वैद्यकीय पथकाने छातीवर दाब देण्यास आरंभ केला आणि विद्युतझटका देऊन हृदय पुन्हा चालू केले. अशा प्रसंगी बेशुद्ध व्यक्तीचा श्वास पाहणे, जाणकारांना तातडीने बोलावणे व त्यांच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होणे, हे पहिल्या माणसाचे काम असते. क्येरने तेवढे केले.

त्यानंतर त्याने केलेले काम वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे होते. संघातील सर्व खेळाडूंना त्याने एरिक्सनभोवती कडे करून उभे केले. मैदानावर हजारो प्रेक्षक होते आणि दूरचित्रवाणीवरून जगभर प्रक्षेपण चालू होते. खेळाडूंनी एरिक्सनकडे पाठ करून बाहेर तोंड केले. कित्येक जण रडत होते. एरिक्सनची सहचारिणी मैदानावर आली, तेव्हा क्येर व गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल तिला सामोरे गेले व त्यांनी तिला धीर दिला.

एरिक्सन शुद्धीवर असल्याचे रुग्णालयातून कळल्यानंतर सामना त्याच रात्री पुढे सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळणे एवढाच दुसरा पर्याय संघापुढे होता. ६३व्या मिनिटाला क्येरने मैदान सोडले. एरिक्सन हा त्याचा जवळचा मित्र. दोघे त्या वेळी मिलान शहरातील परस्परविरोधी क्लबांकडून खेळत. पुढे खेळण्याची मनःस्थिती त्याच्यात उरली नव्हती, असे प्रशिक्षक कॅस्पर युलमान यांनी नंतर सांगितले. फिनलंडने सामना १–० असा जिंकला.

पाच दिवसांनी बेल्जियमविरुद्ध क्येर पुन्हा कर्णधार म्हणून उतरला. दहाव्या मिनिटाला चेंडू बाहेर टाकून दोन्ही संघांनी दहा क्रमांकाच्या एरिक्सनसाठी टाळ्या वाजवल्या. तो सामनाही डेन्मार्क हरला, परंतु नंतर रशियाला ४–१, वेल्सला ४–० व चेक प्रजासत्ताकाला २–१ असे हरवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला. ७ जुलै रोजी वेम्बली येथे इंग्लंडविरुद्ध मिकेल डॅम्सगोरच्या फ्री किकने डेन्मार्कला आघाडी मिळाली. ३९व्या मिनिटाला बुकायो साकाने उजवीकडून गोलासमोर चेंडू टाकला. मागे रहीम स्टर्लिंग मोकळा होता. क्येरने चेंडू अडवण्यासाठी पाय घातला आणि तो त्याच्याच अंगाला लागून गोलात गेला. नोंदीत हा स्वयंगोल आहे. बचावपटूने तेथे पाय घातला नसता तरी गोल होणे जवळपास निश्चित होते. अतिरिक्त वेळेत हॅरी केनच्या गोलाने इंग्लंड २–१ असे जिंकले.

उत्तरार्ध

त्या वर्षीच्या विश्वचषक पात्रता फेरीत डेन्मार्कने पहिले आठही सामने एकही गोल होऊ न देता जिंकले. २०२२ चा कतारमधील विश्वचषक मात्र निराशाजनक ठरला व संघ साखळीतच बाद झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये हृदयाजवळ उपकरण बसवून पुन्हा खेळू लागलेला एरिक्सनही या संघात होता. पीटर श्मायकेल यांचा १२९ आंतरराष्ट्रीय सामन्यांचा डॅनिश विक्रम क्येरने मागे टाकला. पुढे एरिक्सनने क्येरलाही मागे टाकले. युरो २०२४ च्या संघात समावेश ही क्येरची अखेरची मोठी स्पर्धा होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

खेळण्याची शैली

१.९१ मीटर उंचीचा क्येर हवेतील चेंडूवर भक्कम होता. वेग हे त्याचे बलस्थान कधीच नव्हते. वय वाढल्यावर ही उणीव अधिक जाणवू लागली. मोकळ्या जागेत चपळ आक्रमकाशी शर्यत लावण्याची वेळ येऊ नये अशा बेताने तो आधीच मागे किंवा आडवा सरकत असे. उजव्या पायाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिरका लांब पास देण्यात तो वाकबगार होता. शेजारच्या बचावपटूंना सतत आवाज देऊन रचना राखणे हा त्याच्या खेळाचा मोठा भाग होता, पण सामन्याच्या आकडेवारीत त्याची नोंद होत नाही.

सन्मान

ऑगस्ट २०२१ मध्ये क्येर व एरिक्सनवर उपचार करणारे वैद्यकीय पथक यांना यूएफाचा अध्यक्ष पुरस्कार संयुक्तपणे जाहीर झाला. त्याच वर्षीच्या बालों द’ऑर पुरस्काराच्या मतदानात क्येर अठराव्या क्रमांकावर होता.